अ‍ॅप ‘एफआयू रजिस्टर्ड’ आहे, मग पैसे सेफ ना?

मागच्या अंकात क्रिप्टोच्या टॅक्सवर दोन पानं लिहिली होती. वाटलं होतं आता टॅक्सचेच प्रश्न येतील, पण आलेल्या मेलमध्ये टॅक्स एखाद-दुसऱ्यालाच हवाय, बाकी सगळे केवायसी, फ्रीझ झालेलं अकाउंट आणि ‘हे एफआयू काय प्रकरण आहे’ यावर. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच देतेय. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, आणि दोन-तीन जणांनी तेच विचारलं होतं तिथे प्रश्न एकत्र केलाय.

प्रश्न : मी एका अ‍ॅपवर दर महिन्याला थोडं थोडं बिटकॉइन घेतो. अ‍ॅपच्या पहिल्याच स्क्रीनवर ‘एफआयू-इंडिया रजिस्टर्ड’ असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. म्हणजे सरकारमान्य झालं ना? मग आता घरच्यांचे पैसे पण तिथे टाकायला हरकत नाही ना? — वाचक, नाशिक

घरच्यांचे पैसे टाकायच्या आधी हे पूर्ण वाचा. एफआयू म्हणजे फायनान्शिअल इंटेलिजन्स युनिट, अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाखालचं दिल्लीतलं ऑफिस, २००४ पासून आहे. बँका, विमा कंपन्या, शेअर ब्रोकर, कॅसिनो अशा सगळ्यांकडून संशयास्पद व्यवहारांची माहिती गोळा करायची, तिची छाननी करायची आणि ईडी, इन्कम टॅक्स, पोलिस ज्याला लागेल त्याला द्यायची, हे त्यांचं काम. हे लोक धाडी टाकत नाहीत, अटकही करत नाहीत.

क्रिप्टोवाले या यादीत आले ७ मार्च २०२३ ला. त्या दिवशी सरकारने नोटिफिकेशन काढून २००२ चा मनी लॉन्ड्रिंग प्रतिबंधक कायदा, ज्याला सगळे पीएमएलए म्हणतात, तो क्रिप्टोच्या धंद्याला लावला. क्रिप्टोसाठी वेगळा कायदा नाही केला हं, होता त्याच कायद्याच्या जाळ्यात हा धंदा ओढला, आणि तीन दिवसांनी एफआयूने त्यांच्यासाठी गाइडलाइन्स काढल्या. रुपये आणि क्रिप्टोची अदलाबदल, एका कॉइनच्या बदल्यात दुसरा कॉइन, कॉइन इकडून तिकडे पाठवणं, लोकांचे कॉइन किंवा त्यांच्या चाव्या (ज्या गुप्त कोडने कॉइन हलवता येतात) सांभाळणं, आणि कोणी नवीन कॉइन विकायला काढला तर त्या विक्रीत आर्थिक सेवा देणं, ही पाच कामं जो कोणी दुसऱ्यांसाठी धंदा म्हणून करतो तो ‘रिपोर्टिंग एंटिटी’ झाला. त्याने एफआयूकडे नोंदणी करायची, एक प्रिन्सिपल ऑफिसर, म्हणजे एफआयूला उत्तर देणारा जबाबदार अधिकारी, नेमायचा, गिऱ्हाईकाची ओळख पटवायची, रेकॉर्ड ठेवायचं आणि संशय आला की कळवायचं.

आता यात तुमचे कॉइन सुरक्षित ठेवा, कंपनी बुडाली तर इतके पैसे परत द्या, असं कुठे आलं का? नाही आलं. बँकेत ठेव असेल तर ५ लाखांपर्यंत विमा असतो, शेअर ब्रोकरच्या डोक्यावर सेबी बसलेली असते, क्रिप्टो एक्स्चेंजच्या बाबतीत यातलं काहीच नाही. एफआयूच्या नोंदणीचा हेतू एवढाच की उद्या चोरीचा पैसा त्या अ‍ॅपमधून गेला तर कोणी, कधी, कुठून, कुठे हे सरकारला सापडावं. ही सोय तपास करणाऱ्याची आहे, तुमची नाही. अ‍ॅपवाले ते वाक्य ज्या थाटात लावतात त्यावरून मात्र वाटतं की आयएसआय मार्कच मिळालाय.

वझीरएक्स या आपल्याकडच्या क्रिप्टो एक्स्चेंजचं उदाहरण डोळ्यासमोर आहेच. तीही एफआयूकडे नोंदलेलीच होती. १८ जुलै २०२४ ला तिच्या वॉलेटमधून, म्हणजे कॉइन ठेवायच्या डिजिटल तिजोरीतून, सुमारे २३ कोटी डॉलरचे कॉइन चोरीला गेले, पैसे काढणं बंद झालं, मामला सिंगापूरच्या कोर्टात गेला आणि लोक वर्षभराहून जास्त ताटकळत बसले. नोंदणीने चोरी अडवली नाही, भरपाईही दिली नाही, कारण ते तिचं कामच नव्हतं.

तरी नोंदणी नसलेल्या अ‍ॅपपेक्षा असलेलं कधीही बरं. नसलेलं अ‍ॅप म्हणजे मुळात कायदाच मोडून धंदा चाललाय, आणि ते कधीही ब्लॉक होऊ शकतं. फक्त त्या स्टिकरवर विसंबून घरच्यांचे पैसे टाकू नका.

प्रश्न : केवायसी एकदा झालं होतं. पॅन दिलं, आधार दिलं, बँक डिटेल्स दिले. आता परत सेल्फी मागतायत, लोकेशन मागतायत आणि वर विचारतायत की ‘हे पैसे कुठून आले’. मी चोर आहे का? आणि मध्येच एक विड्रॉवल अडकलं तर सपोर्टवाला नीट उत्तरच देत नाही, नुसतं ‘अंडर रिव्ह्यू’. — वाचक, सोलापूर आणि आणखी दोघे

चोर नाही आहात, पण चोर पण पॅन-आधार घेऊनच येतो, ही अडचण आहे. फरक असा की तो स्वतःचं आणत नाही. कोणाचं तरी शंभर-दोनशे रुपयांत घेतलेलं आधार, कोणाच्या तरी नावाचं सिम, त्यावर उघडलेलं अकाउंट. कागद खरे, माणूस दुसराच. म्हणून लाइव्ह सेल्फी, म्हणून बँक खात्यात एक रुपया टाकून नाव जुळतं का बघणं, म्हणून लोकेशन. कागदपत्रं सांगलीतली आणि लॉगिन रोज परदेशातून होतंय असं दिसलं की सिस्टीमला कळतं काहीतरी गडबड आहे.

‘पैसे कुठून आले’ हा प्रश्न चिडवणारा आहे हे मान्य. पण बघा, तुम्ही प्रोफाइलमध्ये वर्षाचं उत्पन्न ४ लाख लिहिलं आणि एका आठवड्यात ९ लाखांचे कॉइन घेतले तर त्यांना विचारणं भागच आहे, कायद्याने त्यांनी गिऱ्हाईकाचं प्रोफाइल आणि व्यवहार यांचा मेळ घालायचा असतो. जमीन विकली असेल तर खरेदीखताची प्रत द्या, पीएफ काढला असेल तर त्याचं स्टेटमेंट द्या, विषय संपतो. उगाच भांडून ‘माझे पैसे मी बघीन’ असं लिहून पाठवलंत तर समोरचा नियमाप्रमाणे एक खूण करून ठेवणार, दुसरं काय करेल तो.

आता सपोर्टवाल्याचं. त्याला बऱ्याचदा खरंच माहीत नसतं, आणि ज्याला माहीत असतं त्याला सांगायची परवानगी नसते. एक्स्चेंजला व्यवहार संशयास्पद वाटला की तो एफआयूला रिपोर्ट जातो, एसटीआर म्हणतात त्याला, आणि असा रिपोर्ट गेलाय हे गिऱ्हाईकाला कळू द्यायचं नाही असा नियम आहे. कारण उघड आहे, कळलं तर खरा गुन्हेगार त्याच रात्री पैसे हलवणार. त्यामुळे तुमच्यासारखा साधा माणूस सुद्धा त्या गप्प बसण्यात भरडला जातो. प्रत्येक ‘अंडर रिव्ह्यू’ म्हणजे एसटीआर असं अजिबात नाही, निम्म्या वेळा नावातलं स्पेलिंग किंवा बँकेचा सर्व्हर असतो. तुम्ही मेलवर तारीख-रक्कम टाकून लेखी विचारत राहा आणि सगळं जपून ठेवा. ते सुद्धा तुमचं रेकॉर्ड निदान पाच वर्षं ठेवणारच आहेत, अकाउंट बंद केलं तरी.

प्रश्न : माझ्या भावाच्या वॉलेटवर थोडे कॉइन पाठवायचे होते तर अ‍ॅपने त्याचं नाव, तो कोण लागतो, त्याचं वॉलेट कुठलं हे सगळं विचारलं. क्रिप्टोचा सगळा मुद्दाच हा होता ना की मध्ये कोणी नको? — वाचक, पुणे

मुद्दा तोच होता, पण तुम्ही मध्ये एक्स्चेंज वापरताय ना, मग मध्ये कोणीतरी आलंच.

याला ट्रॅव्हल रूल म्हणतात. एफएटीएफ नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, मनी लॉन्ड्रिंग कसं रोखायचं याचे निकष ती ठरवते आणि मग देशोदेशी जाऊन तपासते की तुम्ही पाळता का. त्यांनी जून २०१९ मध्ये सांगितलं की बँकेतून पैसे पाठवताना जशी पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची माहिती सोबत जाते तशी क्रिप्टो पाठवतानाही गेली पाहिजे. भारताने २०२३ च्या गाइडलाइन्समध्ये ते घेतलं. म्हणून नाव, वॉलेटचा पत्ता वगैरे.

हे कशासाठी ते नीट समजून घेतलं की राग जरा कमी होतो. ब्लॉकचेनवर, म्हणजे कॉइनच्या सार्वजनिक नोंदवहीत, सगळे व्यवहार उघडे असतात, या पत्त्यावरून त्या पत्त्यावर इतके कॉइन गेले हे कोणीही घरबसल्या बघू शकतो, अगदी पाच वर्षांपूर्वीचंही. दिसत नाही ते फक्त नाव. लांबलचक अक्षरं-आकडे दिसतात, ते कोणाचे ते नाही दिसत. आणि चोराला शेवटी कॉइन खाता येत नाहीत, कधीतरी त्याचे रुपये नाहीतर डॉलर करावेच लागतात, ते जिथे होतात ती जागा म्हणजे एक्स्चेंज. तिथे पत्त्याला नाव चिकटवलं की मागची सगळी साखळी उलगडायला लागते. म्हणून जगातल्या बऱ्याच सरकारांनी कॉइनला किंवा ब्लॉकचेनला हात न लावता या दारावरच माणूस बसवलाय, आणि माझ्या मते त्यांच्या दृष्टीने तेच शहाणपणाचं आहे.

तुमच्या भावाचं वॉलेट जर त्याच्याच मोबाइलमधलं, स्वतःच्या चावीचं असेल तर समोर माहिती द्यायला दुसरं एक्स्चेंजच नसतं, अशा वेळी सगळी माहिती तुमच्याकडूनच घेतात आणि जरा जास्त बारकाईने बघतात. तसं वॉलेट ठेवणं गुन्हा नाही. मात्र मिक्सर नावाच्या सेवा असतात, दहा जणांचे कॉइन एकत्र ढवळून माग पुसणाऱ्या, त्यांच्या जवळपासही जाऊ नका. कॉइन तिथून फिरून आलेत हे एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरला दिसतं आणि मग तुमचं ‘सहज प्रायव्हसीसाठी केलं’ हे कोणी ऐकत नाही.

प्रश्न : बायनान्स बंद केलं होतं, परत आलं. मग बंद का केलं होतं? आणि परदेशी कंपनीला आपला कायदा लागू कसा होतो, त्यांचं तर इथे ऑफिसही नाही. — वाचक, ठाणे

ऑफिस लागत नाही. एफआयूचं म्हणणं सरळ आहे, धंदा भारतातल्या लोकांशी करता ना, मग नियम लागू, दुकान कुठेही असो. २८ डिसेंबर २०२३ ला त्यांनी बायनान्स, कूकॉइन, क्रॅकन धरून नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटीस काढली आणि आयटी मंत्रालयाला त्यांच्या वेबसाइट ब्लॉक करायला सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये अ‍ॅप स्टोअरमधून अ‍ॅप्सही गेली. इथले एक्स्चेंजवाले तेव्हा मनातून खूष झाले असणार, कारण २०२२ मध्ये टॅक्स आणि टीडीएस आल्यापासून त्यांचं बरंच गिऱ्हाईक या परदेशी अ‍ॅपवर पळालं होतं, तिथे ना टीडीएस कापला जायचा ना कोणी फार विचारायचं.

मग एकेक करून परत यायला लागले. कूकॉइनने २०२४ च्या मार्चमध्ये नोंदणी केली, साडेचौतीस लाख दंड भरला. बायनान्सला जून २०२४ मध्ये १८ कोटी ८२ लाखांचा दंड झाला, ऑगस्टमध्ये त्यांनी नोंदणी झाल्याचं जाहीर केलं. बायबिटला जानेवारी २०२५ च्या शेवटी ९ कोटी २७ लाख. १८ कोटी ऐकायला मोठे वाटतात पण याच बायनान्सने नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत असल्याच प्रकारच्या भानगडींसाठी ४ अब्ज डॉलरच्या वर भरायचं कबूल केलं होतं आणि त्यांच्या प्रमुखाला खुर्ची सोडावी लागली होती. त्या मानाने आपला दंड चिल्लरच म्हणायचा. खरा धाक दंडाचा नव्हता, ब्लॉक होण्याचा होता. गिऱ्हाईकच तुटलं की कोणीही वठणीवर येतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी पंचवीस परदेशी कंपन्यांना अशाच नोटिसा गेल्या, म्हणजे हे चालूच राहणार. तुम्ही वापरता ते अ‍ॅप नोंदलेलं आहे का हे अ‍ॅपच्या जाहिरातीवरून नाही तर त्यांच्या कायदेशीर माहितीत कंपनीचं नाव आणि नोंदणी क्रमांक दिलाय का यावरून बघा. व्हीपीएन लावून ब्लॉक झालेलं अ‍ॅप चालवणाऱ्यांनी तर मला प्रश्नच पाठवू नयेत, तिथे पैसे अडकले तर इथे कोणाकडे दाद मागणार?

प्रश्न : मी नफ्यावर ३० टक्के टॅक्स भरतो, टीडीएस कापला जातो, मग माझं सगळं कायदेशीर झालं ना? — वाचक, कोल्हापूर

टॅक्सच्या बाजूने झालं. बाकी दोन्हींचा एकमेकांशी फार संबंध नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के आणि वर सेस, त्याच वर्षी १ जुलैपासून विक्रीवर १ टक्का टीडीएस, तोटा दुसरीकडे वळवता येत नाही, हे सगळं मागच्या अंकात आलंय. क्रिप्टो विकत घेणं-विकणं आज गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या धंद्यापासून लांब राहायला सांगितलं होतं, ते सर्क्युलर सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं. पण टॅक्स भरला म्हणून चोरीचा पैसा साधा होत नाही. तुम्ही विकलेल्या कॉइनचे पैसे फसवणुकीतले निघाले तर टॅक्स भरल्याचं चलन दाखवलं म्हणून पोलिस परत जात नाहीत. तरी चलन असू द्या जवळ, तुम्ही उघडपणे धंदा करत होतात हे दाखवायला ते कामाला येतं.

प्रश्न : मी पी-टू-पीवर, म्हणजे अ‍ॅपवर थेट दुसऱ्या माणसाला, यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेला कॉइन) विकतो, थोडा रेट जास्त मिळतो म्हणून. मागच्या महिन्यात एकाला विकले, पैसे आले, कॉइन सोडले. आठवड्याने बँकेने पूर्ण अकाउंट फ्रीझ केलं. ब्रँचवाले म्हणतात दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आहे, आम्ही काही करू शकत नाही. पगार पण त्यातच येतो. मी कोणाला फसवलं नाही, काय करू? — वाचक, छत्रपती संभाजीनगर

या एका प्रश्नाचे इतके मेल आहेत की सगळे छापायचे तर पुरवणी काढावी लागेल.

आधी काय झालं असेल ते सांगते. कुठेतरी कोणाला तरी ‘डिजिटल अरेस्ट’ किंवा पार्ट टाइम जॉब किंवा शेअर टिप्सच्या नावाखाली लुबाडलं. त्याचे पैसे चोराने आधी एका भाड्याच्या खात्यात घेतले, म्यूल अकाउंट म्हणतात ते. तिथून दहा मिनिटांत तुकडे करून दुसऱ्या चार खात्यांत, तिथून तिसरीकडे. आता त्याला हे रुपये देशाबाहेर न्यायचेत, बँकेतून नेले तर पकडला जाईल, म्हणून तो पी-टू-पीवर येतो आणि तुमच्यासारख्याकडून यूएसडीटी घेतो. तुम्हाला रुपये मिळाले, त्याला डॉलरसारखा कॉइन मिळाला, तो मिनिटात बाहेर गेला. इकडे ज्याला लुबाडलं त्याने १९३० वर फोन केला, पोलिसांनी आणि बँकांनी पैशाचा माग काढला, पहिला लेयर, दुसरा लेयर, तिसरा लेयर, आणि शेवटच्या लेयरला पैसे घेऊन बसलेला माणूस कोण? तुम्ही. चोराकडे कॉइन, तुमच्याकडे पुरावा. हा सौदा त्याने मुद्दाम असाच आखलेला असतो, आणि तुम्हाला जो ‘थोडा जास्त रेट’ मिळाला ना तो याचीच किंमत होती.

आता तुमचं स्टेटमेंट उघडा आणि ती एंट्री बघा. ऑर्डरच्या स्क्रीनवर खरेदी करणाऱ्याचं नाव एक होतं आणि आयएमपीएसच्या ओळीत पैसे पाठवणारा दुसराच, कुठल्यातरी ‘एंटरप्रायझेस’ किंवा ‘ट्रेडर्स’च्या नावाने, असं आहे का? किंवा एकाच ऑर्डरचे पैसे तीन वेगवेगळ्या खात्यांतून तुकड्यांनी आले? बहुतेक वेळा असतंच. तिथेच थांबायला हवं होतं, कॉइन न सोडता, पैसे आले त्याच खात्यात परत पाठवून एक्स्चेंजकडे तक्रार करायची. केवायसीचं नाव आणि पैसे पाठवणाऱ्याचं नाव जुळलंच पाहिजे हा पी-टू-पीचा साधा नियम आहे आणि तो चॅटमध्ये ‘भाऊच्या अकाउंटवरून टाकतो चालेल का’ असं गोड बोलून मोडला जातो.

झालं ते झालं, आता पुढचं. बँकेकडून लेखी घ्या की कुठल्या पोलिस स्टेशनचं पत्र आहे, तक्रार क्रमांक काय, वादातली रक्कम किती. तोंडी ऐकून येऊ नका, मॅनेजर टाळाटाळ करत असेल तर मेल टाका. मग तपास अधिकाऱ्याला मेल करा, रडगाणं नको, एका पानात : मी अमुक तारखेला अमुक अ‍ॅपवर इतके यूएसडीटी विकले, ऑर्डर क्रमांक हा, पैसे या खात्यातून आले. सोबत ऑर्डरचं पान, चॅट, कॉइन गेल्याची नोंद, बँक स्टेटमेंट, तुमचं पॅन, कॉइन तुम्ही मुळात कधी आणि कुठून घेतले होते त्याचा पुरावा, आणि टीडीएसची नोंद असेल तर ती. एक्स्चेंजलाही लिहा की खरेदीदाराची माहिती जपून ठेवा, पोलिस मागतील. इथे त्यांची केवायसी आणि पाच वर्षांचं रेकॉर्ड तुमच्याच कामाला येतं बघा, खरेदीदार कोण होता हे सांगणारा तोच एक कागद आहे. अ‍ॅपबाहेर टेलिग्राम ग्रुपवर सौदा केला असता तर तुमच्याकडे एक टोपणनाव सोडून काहीच नसतं.

पूर्ण खातं गोठवणं आणि वादातल्या रकमेवर होल्ड लावणं यात फरक आहे. वादातले समजा १८ हजार असतील आणि खात्यात दोन लाख, तर फक्त तेवढ्यावर होल्ड ठेवा आणि बाकीचं खातं चालू करा अशी मागणी लेखी करा, काही हायकोर्टांनी बँकांना असंच सांगितलेलं आहे. पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली खातं अडवलं असेल तर त्यांनी ते मॅजिस्ट्रेटला कळवणं अपेक्षित असतं, आणि खातं मोकळं करून मागायला तुम्ही मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू शकता. याला फौजदारी काम करणारा वकील बघा, सोसायटीतला ओळखीचा रेरावाला नको. आणि फेसबुकवर ‘पाच टक्क्यांत अकाउंट अनफ्रीझ करून देतो’ म्हणणाऱ्यांना एक रुपया देऊ नका, त्यातले बरेच जण तुमची दुसऱ्यांदा लूट करणारेच असतात. पगारासाठी दुसऱ्या बँकेत खातं उघडा आणि एचआरला आजच कळवा.

वेळ लागेल, खोटा धीर देत नाही. कुठे पंधरा दिवसांत सुटतं, कुठे महिनोन्‌महिने जातात, समोरचा अधिकारी मेल वाचतो की नाही यावर फार अवलंबून आहे आणि ही व्यवस्थेची उघड चूक आहे. सरकारने एक्स्चेंजवर नियम घातले ते बरंच केलं, पण त्या नियमांच्या कचाट्यात निर्दोष माणूस सापडला तर त्याला लवकर बाहेर काढायची तितकीच पक्की सोय अजून कुठे दिसत नाही.

प्रश्न : ताई, मी कॉलेजला आहे. एका सिनियरने सांगितलं की नुसतं बँक अकाउंट आणि क्रिप्टो अ‍ॅपचं केवायसी करून द्यायचं, बाकी तो बघेल, महिन्याला ८ हजार. मी अकाउंट काढून एटीएम कार्ड आणि सिम दिलंय. आता मेसेज येतायत, दिवसाला लाख-दीड लाख येऊन जातायत. मी तर काहीच करत नाही. हे बरोबर आहे का? — वाचक, लातूर

नाही, आणि हे वाचून होईपर्यंत सुद्धा थांबू नकोस. वरच्या उत्तरात जे भाड्याचं खातं म्हटलं ना, ते तुझं आहे. तू काहीच करत नाहीस असं तुला वाटतं, पण गुन्ह्याचा पैसा फिरवायला जाणूनबुजून मदत करणं हा पीएमएलएखाली मनी लॉन्ड्रिंगचाच गुन्हा आहे, तीन ते सात वर्षं सक्तमजुरी, आणि या कायद्यात जामीन मिळणं फार अवघड. आजपर्यंत ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता आलं असतं. मेसेज बघून मला लिहिलंस म्हणजे शंका आलेली आहे, यापुढे तेही म्हणता येणार नाही.

आधी बँकेत जा, कार्ड आणि नेट बँकिंग ब्लॉक करायला लेखी अर्ज दे, पोचपावती घे. सिम तुझ्या नावावर आहे, कंपनीच्या गॅलरीत जाऊन ते बंद करून घे. क्रिप्टो अ‍ॅपला रजिस्टर्ड मेलवरून कळव की अकाउंट दुसरा माणूस वापरतोय, ताबडतोब थांबवा. खात्यात आत्ता पैसे असतील तर त्याला हात लावायचा नाही, सिनियरला परतही करायचे नाहीत, आणि मिळालेले ८ हजार खर्च केले असशील तर तेही लपवू नकोस. त्याचे सगळे मेसेज, त्याने पाठवलेले पैसे, कॉल लॉग याचे स्क्रीनशॉट काढून ठेव, तो डिलीट करायला सांगेल, करू नकोस. मग घरी सांग. ओरडतील, ओरडू दे. घरातलं कोणीतरी मोठं माणूस आणि जमलं तर वकील सोबत घेऊन सायबर पोलिसांकडे स्वतःहून जा, त्यांनी बोलवायची वाट बघू नकोस. वर्गातल्या आणखी कोणी अकाउंट दिलं असेल तर त्यालाही सोबत ने.